जिवंत काकाच्या मयताची रजा

नोकरीत मी एकदाच खोटं लिहून दिलं. तेही माझ्या अक्षरात नाही. अक्षर दुसऱ्याचं, खाली सही तेवढी माझी. सही मी झोकदार करतो. दोन यत्ता शिकलेल्या माणसाची सही इतकी वळणदार कशी, असं बऱ्याच जणांनी विचारलं आहे. दोन यत्तांत तेवढंच एक काम मी मन लावून केलं, हे त्याचं उत्तर.

नंदुरबारला रस्ते बांधणाऱ्या खात्याची कचेरी होती. कौलारू, पुढं कडुनिंब, आत पाच टेबलं. तिथं मी पट्टेवाला. मोठ्या साहेबांना आम्ही रावसाहेब म्हणायचो, ते महिन्यातले वीस दिवस जीपमध्ये. कचेरी चालवायचे हेडक्लार्क, आणि हेडक्लार्कना चालवायचो मी. असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. कोणती फाईल कोणत्या कपाटात, कोणत्या ठेकेदाराला बाकावर बसवायचं आणि कोणाला उन्हात उभं ठेवायचं, हे मला विचारल्याशिवाय तिथं पान हलत नव्हतं.

मी नोकरीला लागलो तेव्हा गावातल्या लोकांना नवल वाटलं ते रजेचं. घरी बसायचं आणि पगार चालू? आमच्या भाऊबंदकीतले सगळ्यात वडीलधारे म्हणजे आबा. त्यांना मी घरापुढच्या वट्यावर बसून हे नीट समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाले, "आपला सालदार एक दिन नही उना त आपलं काम आडस. तू नही गया त सरकार तुले पगार देस. म्हनजे तुन्हावाचून तठे काहीच आडत नही."

मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

तर रजेची गंमत अशी. किरकोळ रजा म्हणजे ताक. वर्षाला मोजकी मिळते आणि टिकत नाही. डिसेंबर संपला की उरलेली फुकट. म्हणून डिसेंबर लागला की आमच्या कचेरीत साथ यायची. कोणाची कंबर धरायची, कोणाची दाढ, कोणाचा मेव्हणा अचानक सुपारी फोडायला निघायचा. नवीन साल लागलं की सगळे एकदम ठणठणीत. दुसरी हक्काची रजा. ती म्हणजे लोणचं. राबलेल्या दिवसांच्या मानानं थोडी थोडी बरणीत पडते, वर्षानुवर्षं मुरते, आणि काढाल तेव्हा पूर्ण पगारी. तिसरी आजारपणाची, तिला डॉक्टरचा दाखला लागतो. आणि चौथी बिनपगारी, ती कोणी मागत नाही, ती अंगावर येते.

हक्काची रजा या नावावर मी बरीच वर्षं खूश होतो. पण एकदा एक नवे हेडक्लार्क बदलून आले, देशावरचे, पुण्याकडचे. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून मला वाचून दाखवलं की रजा ही हक्क म्हणून मागता येत नाही.

"मग हिला हक्काची कशाला म्हणता?" मी विचारलं.

"साठवणं तुझा हक्क. देणं सरकारची मर्जी."

मला तशीही मागायची सवय नव्हती. मागायचं म्हणजे मान खाली घालायची, आणि आमच्या घराण्यात मानेचं हाड जरा ताठ आहे. वडील वारले तेव्हा घेतली तेवढीच. बाकी बरणी भरलेली. आणि त्या साली मला ती उघडायची गरज पडली, कानबाईसाठी.

कानबाई म्हणजे काय हे खानदेशातल्या माणसाला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. तरी सांगतो. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी ही देवी घरात बसते. नारळ, त्याला डोळे, नथ, लुगडं. सोमवारी वाजत गाजत नदीवर. पण खरी गोष्ट रोटांची. भाऊबंदकीत जितके पुरुष, तितक्या सव्वा सव्वा मुठी गहू मोजून घ्यायचे, दळायचे, आणि त्याचे पुरणाचे जाडजूड रोट करायचे. हे रोट घरच्यांनीच खायचे. परक्याला घास द्यायचा नाही, टाकायचे नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे. आणि भाऊबंदकीत सुतक असलं तर त्या साली कानबाई बसत नाही. आदल्या साली नेमके श्रावणातच माझे वडील गेले, म्हणून बसली नव्हती.

भाऊबंदकीची कानबाई आमच्याच घरी बसते. वडलांच्या मागं यंदा पहिली मूठ माझी. माझी माय उन्हाळ्यापासून सांगत होती, "दोन वरीस लागोपाठ चौरंग रिकामा राह्यना त मी देवीले तोंड काय दाखाडू? तू आठ दिन आगोदर ये. नोकरीना बहाना सांगू नको."

म्हणून मी शनिवारी सकाळी त्याच हेडक्लार्कच्या टेबलासमोर उभा राहिलो. पुढच्या आठवड्याच्या रविवारी कानबाई होती.

"सोमवारपासून दहा दिवस हक्काची रजा पाहिजे."

"कशासाठी?"

"कानबाई बसवायची आहे."

"कोणाला बसवायचं आहे?"

"कानबाई. देवी आहे."

त्यांनी टेबलाच्या काचेखालची सुट्ट्यांची यादी पाहिली. बोट वरून खाली नेलं. "नागपंचमी. गोकुळाष्टमी. गणेश चतुर्थी. कानबाई नाही."

"यादीत नसेल. घरात आहे."

"वार कोणता?"

"रविवार."

"मग रविवारी सुट्टीच असते की. बसव तुझी देवी आणि सोमवारी अकराला हजर हो."

"सोमवारी देवी नदीवर जाते. मग रोट खायचे असतात."

"किती दिवस?"

"संपेपर्यंत."

ते खुर्चीत मागं रेलले. "म्हणजे तुला जेवायला रजा पाहिजे." आणि हसले. ते हसले म्हणून चारही टेबलं हसली. "पावसानं रस्ते वाहून चाललेत, रोज तारा येतायत, आणि शिपायाला पुरणपोळी खायला दहा दिवस भरपगारी! नामंजूर."

रजा नाकारली याचं मला तितकं लागलं नाही. पण हसणं लागलं. मी बाहेर कडुनिंबाखाली येऊन उभा राहिलो. मागोमाग धाकटा कारकून आला. हा नंदुरबारचाच, आमच्या भाषेत बोलणारा, तोंडात कायम पान.

"भाऊ," तो म्हणाला, "कानबाईले रजा भेटत नही. मयतले भेटस. घरमा कोन शे मरासारखं?"

"थोबाड फोडीसन ठेवसू."

"आसं नही व. कागदवर मरासारखं."

हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण आल्यावर तो जाईना. आम्ही दोघं उभ्या उभ्या माझं गणगोत तपासायला लागलो. आबांना मारावं, तर ते काठी घेऊन कचेरीत येतील. मामाला मारावं, तर तो दर बाजाराला नंदुरबारला मिरच्या विकायला येतो, आणि मिरच्या घेतात हेडक्लार्कच. शेवटी मला काका आठवले.

हे माझ्या वडलांचे धाकटे सख्खे भाऊ. एका बैलजोडीवरून वडलांशी भांडले आणि बारा वर्षांमागं अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेले. वडलांनी घरात त्यांचं नाव घ्यायला बंदी केली होती. माणसं धरून चालली होती की ते गुजरातेत कुठंतरी असतील. कुठं आहेत हे फक्त मला ठाऊक होतं, कारण आमच्या खात्याच्या लॉरीच्या डायवरनं त्यांना विसरवाडीच्या फाट्यावर चहा विकताना पाहिलं होतं. मी ते कोणाला बोललो नव्हतो. वडलांची बंदी, ती बंदी.

"काका चालेल," मी म्हणालो. "त्यांचं कोणाला काही कळणार नाही."

कारकुनानं तिथंच बाकावर अर्ज लिहिला. माझे सख्खे चुलते वारले असल्या कारणाने. मी सही केली.

हेडक्लार्कनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. मग मला म्हणाले, "बसा."

इतक्या वर्षांत त्या कचेरीत मला कोणी बसा म्हटलं नव्हतं. मी बसलो नाही. 

"मघाशी मी हसलो तुम्हाला. मनावर घेऊ नका. कधी कळलं?"

"आत्ताच. माणूस आला होता."

"फार वय झालं होतं?"

"नाही हो. चांगले धट्टेकट्टे होते." हे मात्र खरं होतं.

ते हळहळले. मला तूचं तुम्ही झालं होतं ते एका मेलेल्या माणसामुळं, आणि तो माणूस या वेळी विसरवाडीला भजी तळत असणार. ते म्हणाले, "रावसाहेब सोमवारी येतील, तेव्हा सही होईल. तुम्ही त्यासाठी खोळंबू नका. मंजुरीचा हुकूम मी टपालानं पाठवतो. रजेच्या काळातला पत्ता तेवढा सांगा."

मी मोठ्या आनंदात गावाचा पत्ता सांगितला. म्हसावदच्या पुढं दोन कोस. चूक झाली ती तिथं. पण अर्जावर पत्ता लागतोच, त्याशिवाय अर्ज पुरा होत नाही.

गावी गेलो तेव्हा माय इतकी हरखली की तिनं शेजारणीला बोलावून सांगितलं, "मन्हा पोऱ्याले सरकारनी कानबाईसाठे दहा दिनना पगारी सुट्टी दिनी!" मी नुसती मिशी पिळली. चौरंग धुतला, भिंत सारवली, नारळाचे डोळे नव्यानं रंगवले. गुरुवारी गहू मोजायचे होते. वट्यावर सगळी भाऊबंदकी जमली, मधे सूप, मी पहिली मूठ घेतली, आणि तेवढ्यात टपालवाला आला.

सरकारी लखोटा पाहून सगळे मागं सरकले. गावात सरकारी कागद म्हणजे एकतर जप्ती नाहीतर वॉरंट. मी हात पुढं केला. पण टपालवाल्याचा एक मान होता. सरकारी कागद तो स्वतः फोडायचा आणि मोठ्यानं वाचायचा, कारण गावात वाचणारं कोणी नसायचं, आणि असलं तरी त्याला ते मान्य नव्हतं.

"तू खास माणूस शे," मी म्हणालो, "पन हाई मी वाचसू."

"तू कव्हय वाची पुरा करशी? रविवार येई जाई." आणि त्यानं वाचलं. आपले सख्खे चुलते वारल्याबद्दल कचेरीस दुःख होत आहे. त्यानिमित्त आपणांस सोमवारपासून दहा दिवसांची हक्काची रजा पूर्ण पगारी मंजूर करण्यात येत आहे.

सूप तिथंच राहिलं. आधी कोणाला कळेना की वारलं कोण. मग आबांनी बोटं मोजली. माझ्या वडलांना सख्खा भाऊ एकच. माझ्या मायनं तोंडात पदर घातला आणि एक हंबरडा फोडला. बारा वर्षं जिनं दिराचं नाव घेतलं नव्हतं, ती त्याच्या बैल हाकायच्या आवाजापासून सुरुवात करून रडायला लागली. तिच्या मागं बाकीच्या बायका. ज्या सुना काकांनंतर या घरात आल्या होत्या त्या सगळ्यात मोठ्यानं.

आबा उठले. "गहू उचला. सुतक शे. कानबाई बसावनार नही."

मी म्हणालो, "आबा, काका मेले नहीत."

"मंग हाई काय शे?"

मग मला सांगावं लागलं. सगळ्या भाऊबंदकीसमोर, टपालवाल्यासमोर, रडणाऱ्या बायकांसमोर. माझी मान काय झाली असेल ते तुम्ही समजा. "मी रजासाठे खोटं सांगं. काका जित्ता शेतस. विसरवाडीले चहा इकतस."

मला वाटलं आता चार शिव्या बसतील आणि गहू पुन्हा मोजायला घेऊ. पण तसं झालं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वासच ठेवला नाही.

"सरकार खोटं लिखी का?" आबा म्हणाले.

"सरकारले मीच सांगं ना!"

"आनि सरकारनी चौकशी कऱ्याशिवाय शिक्का मारी दिना?" आबांनी कागद उन्हात धरला. "हाई देख. दोन साहेबना सही शेतस. तुन्हावर कोनी सही शे?"

 

टपालवाल्यानंही त्यांचीच बाजू घेतली. सरकारी कागदात अमुक वारले असं आलं आणि ते जिवंत निघाले, असं त्याच्या उभ्या नोकरीत झालं नव्हतं. उलट लोकांनी माझ्यावरच आळ घेतला. पोराला रोट खायचेत, पहिली मूठ मिरवायची आहे, म्हणून सख्ख्या काकाचं सुतक बुडवायला निघाला. एका म्हातारीनं तर मला ऐकवलं, "तुन्हा बाप बरा व्हता व. भांडे, पन आसं करे नही."

माय रडायची थांबली होती. ती मला आत घेऊन गेली आणि विचारलं, "मन्ही आन घे. तो खरंच जित्ता शे?"

"शे, माय."

"मंग बठस काय? जाय. लय त्याले." आणि दारातून बाहेर येऊन तिनं आबांना खणखणीत सांगितलं, "रविवारपावत थांबा. मन्हा देर या वट्यावर उभा राह्यना त गहू मोजा. नही राह्यना त चौरंग मी सोता उचली ठेवसू."

आता हे तिनं सांगितलं खरं, पण सगळा भार माझ्यावर. काका आले नाहीत तर सलग दुसऱ्या वर्षी कानबाई नाही, आणि ती माझ्या एका सहीमुळं. ते येतीलच याचा काय भरवसा? ज्या घरानं नाव टाकलं, त्या घरी कोण येईल?

शुक्रवारी पहाटे निघालो. शहाद्याहून नंदुरबार, नंदुरबारहून विसरवाडीची गाडी. नंदुरबारच्या स्टँडवर दोन तास काढायचे होते आणि कचेरी तिथून हाकेवर. हेडक्लार्क रोज दहाला स्टँडवर पेपर घ्यायला यायचे. दुःखात बुडालेला पुतण्या स्टँडवर चहा पिताना दिसला तर? मी डोक्यावरून घोंगडी घेतली आणि एका शेळीवाल्याशेजारी खाली बसलो. हेडक्लार्क आले, पेपर घेतला, आणि माझ्या घोंगडीशेजारी उभे राहून पहिलं पान सगळं वाचून काढलं. शेळीनं माझ्या घोंगडीची दशी खाल्ली. मी हललो नाही.

विसरवाडीच्या फाट्यावर ट्रकांची रांग होती. ताडपत्रीखाली भट्टी, भट्टीमागं काका. केस पांढरे झाले होते, पण बसायची ढब वडलांचीच. एक गुडघा वर. त्यांनी मला ओळखलं नाही. मी उभा राहून नुसता बघत होतो तर म्हणाले, "बेस भाई, बेस. चा के भजिया?" बारा वर्षांत निम्मे गुजराती झाले होते.

"काका, मी. तुमन्हा भाऊना मोठा पोऱ्या."

झारा कढईत तसाच राहिला. भजी काळी पडली. मग म्हणाले, "भाऊ कसा शे?"

त्यांना ठाऊकच नव्हतं. मी खाली बसलो आणि सांगितलं. काकांनी भट्टीतली लाकडं बाहेर ओढली आणि एका ट्रकवाल्याला म्हणाले, आज चहा नाही. मग आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो. एका खोट्या मयतासाठी आलो होतो आणि खरं मयत सांगावं लागलं.

शेवटी त्यांनी नाक शिंकरलं. "माले न्याले ऊना का हाई सांगाले?"

मग मी उरलेली गोष्ट सांगितली. कानबाई, हेडक्लार्क, अर्ज, टपालवाला. ते तोंड उघडं ठेवून ऐकत होते.

"म्हनजे तू माले मारी टाकं?"

"कागदवर, काका."

"कितला दिनसाठे?"

"दहा दिन."

"दहाच?" त्यांना खरोखर राग आला. "सख्खा काका मरना आनि दहाच दिन? तुन्हा हेडक्लार्कना काका मरना आसता त महिनाभर घर बसता तो!"

"मी दहाच मांगात."

"तुन्हा बापसारखाच शे. मांगाले लाजस." मग त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी रडनी का?"

"तुम्ही बैल हाकेत तो आवाज काढीसन रडनी."

ते उठले. दुकान शेजारच्या पंक्चरवाल्याच्या हवाली केलं, डोक्याला नवं उपरणं गुंडाळलं आणि म्हणाले, "चाल. माले देखू दे मन्हं सुतक."

शनिवारी दुपारी आम्ही गावात शिरलो. काका मुद्दाम गल्लीच्या मधून चालले, दोन्ही बाजूंना राम राम करत. एक म्हातारी त्यांना पाहून घरात पळाली आणि आतून कडी लावली. वट्यावर आबा होते. काका त्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, "आबा, कागद खरा शे का मी?"

आबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. दंडाला चिमटा काढला. चांगला दणकून काढला, काका ओरडले. तरी आबा म्हणाले, "कागद खोटा आसं मी म्हननार नही. पन तूबी खरा दिखस." आणि गहू आणायला सांगितले.

माय दारात उभी होती. काका तिच्याकडं बघेनात आणि ती त्यांच्याकडं. मग तिनं पायावर पाणी घालायला तांब्या आणला आणि एवढंच बोलली, "बारा वरीसना रोट बाकी शेतस तुमन्हा."

ती सहज बोलून गेली, पण आबांनी ते धरलं. खरंच की. बारा वर्षं या पुरुषाची मूठ सुपात पडली नव्हती. वजा तर कोणी केली नव्हती, कारण तो मेला नव्हता. म्हणजे मागचं सुतकाचं साल सोडलं तरी देवीच्या अकरा मुठी या घराकडं राहिल्या. यंदाची धरून बारा. काकांची मूठ म्हणजे लहानसं फावडं. त्यांनी बारा वेळा सव्वा सव्वा मूठ सुपात टाकली, आणि जात्यावर बसायच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं ते मी विसरलो नाही. गुरुवारी ज्या सुना काकांसाठी सगळ्यात मोठ्यानं रडल्या होत्या, त्याच आता पुटपुटत होत्या.

रविवारी कानबाई बसली. चौरंग भरला, नथ घातली, मायनं आरती ओवाळली. सोमवारी देवी नदीवर गेली, चौरंग काकांच्या डोक्यावर.

पण रोट! नेहमीच्या मुठींचे रोट बुधवारपर्यंत संपतात, तेवढाच अंदाज धरून मी रजा मागितली होती. त्यात या बारा मुठी. परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत. मंगळवारी आम्ही हौसेनं खाल्ले. बुधवारी नेमानं खाल्ले. गुरुवारी सकाळी आबा रोटाकडं पाठ करून बसले. माझी रजा संपली होती, पण अंगावर पाच रोट होते, आणि कानबाईचं देणं सोडून पळणारा मी नव्हे. शुक्रवारी पुनव. त्या दिवशी दुपारी शेवटचा तुकडा काकांनी दुधात कुस्करून डोळे मिटून गिळला, तेव्हा सगळी भाऊबंदकी हुश्श म्हणून आडवी झाली.

शनिवारी मी कचेरीत हजर झालो. काका बरोबर होते, कारण त्यांना नंदुरबारहून विसरवाडीची बाराची गाडी धरायची होती. मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि आत गेलो.

हेडक्लार्क मऊ आवाजात म्हणाले, "या. सगळं नीट पार पडलं ना?" मग त्यांची नजर माझ्या मिशीवर गेली. चुलत्याच्या दहाव्याला उतरायला हवी होती ती मिशी, तेल लावून जागच्या जागी. आवाज बदलला. "दोन दिवस उशीर झाला. आणि हे काय? तुमच्यात क्षौर नसतं का?"

मी खोटं एकदाच बोलणार होतो, दुसऱ्यांदा नाही. खरं कुठून सुरू करावं ते जुळवत होतो, तोच काका दारात.

"हे कोण?" हेडक्लार्क म्हणाले.

"राम राम साहेब," काका म्हणाले. "मी मयत."

धाकटा कारकून टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला तो वर आलाच नाही. हेडक्लार्कनी कपाटाकडं हात केला, मी सवयीनं फाईल काढून दिली. त्यांनी अर्ज पाहिला, काकांना पाहिलं, पुन्हा अर्ज पाहिला.

"पोऱ्यावर रागावू नका," काका शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाले. "त्याने मारलं नसतं तर मी घरी गेलोच नसतो."

हेडक्लार्कनी टाक दौतीत बुडवला. मग अर्जातलं कारण खोडलं, वर घरगुती काम असं लिहिलं आणि मला म्हणाले, "हे दहा दिवस मी सोडतो. यांच्या तोंडाकडं बघून. खोट्याबद्दल लेखी समज. आणि मागचे दोन दिवस बिनपगारी."

इथं खरं तर मी पाया पडायला हवं होतं. पण बिनपगारी हा शब्द ऐकला आणि मानेचं हाड पुन्हा ताठ झालं.

"बिनपगारी का? माझी हक्काची शिल्लक आहे ना बरणीत? त्यातून कापा."

"कसली बरणी? रजा संपल्यावर न विचारता घरी राहिलास." तुम्हीचं पुन्हा तू झालं होतं.

"विचारायला कोणाला पाठवू? रोट कोणी खाल्ले असते?"

"नियम वाचून दाखवू?"

"दाखवा."

त्यांनी पुस्तक काढलं. एक कलम त्यांनी वाचलं, त्यावर मी विचारलं, दुसरं वाचलं. देवीचं देणं आणि सरकारचं देणं यात आधी कोणतं, हे त्या पुस्तकात कुठंच नव्हतं, आणि ते नाही हे मी त्यांना तीनदा कबूल करायला लावलं. ते घामाघूम, मी घामाघूम. काका दारात उकिडवे बसून एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं पाहत होते, दंगल बघावी तसे. शेवटी दिवस बिनपगारीच राहिले. पण सोपे गेले नाहीत.

आम्ही स्टँडवर आलो तेव्हा एक वाजून गेला होता. बाराची गाडी केव्हाच गेली होती. विसरवाडीची दुसरी गाडी संध्याकाळशिवाय नव्हती, आणि आमच्या गावाकडची, शहाद्याची, समोर धूर सोडत उभी होती.

काकांनी दोन्हीकडं पाहिलं. मग उपरणं झटकून शहाद्याच्या गाडीत चढले आणि खिडकीतून मला म्हणाले, "तुन्ही रजा काय वाढनी नही बेटा. मन्ही वाढी गई. पंक्चरवालाले निरोप धाड."

गाडी हलली. निरोप धाडायला मी पुन्हा कचेरीकडं वळलो, कारण विसरवाडीकडं जाणारी लॉरी तिथूनच सुटायची.